तहकूब भरती आणि चालू वय

मनुष्याने कोणता व्यवसाय पत्करावा हा प्रश्न जगातील पुष्कळ विचारवंतांना छळीत आला असला, तरी सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत काही गावे अशी आहेत की, तेथे तो प्रश्न गेल्या शंभर वर्षांत कोणी गांभीर्याने विचारल्याचे ऐकिवात नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हे उपपद कायमचे चिकटले आहे, आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावातून गेलेले 46 जवान परत आले नाहीत. शिरोळ तालुक्यातील टाकळी ‘सैनिक टाकळी’ म्हणूनच ओळखली जाते. गडहिंग्लज-चंदगडाकडे तर एखाद्या घरात फौजी नसेल, तर त्या घराची काही कैफियत असावी असेच पाहुणे गृहीत धरतात. पुण्या-मुंबईच्या घरांत दहावीचा निकाल लागताच ‘शास्त्र की वाणिज्य’ या विषयावर खल सुरू होतो, घरातील माणसे दोन तटांत विभागली जातात आणि एखाद्या समुपदेशकाला पैसे देऊन अखेर तिसराच सल्ला पदरी पाडून घेतला जातो. या गावांतून त्याच दिवशी मुलाला भिंतीशी उभे करून त्याची उंची मोजतात. ती 168 सेंटिमीटर भरली की कुटुंबाचा व्यवसायनिर्णय संपन्न झाला असे समजून आई पेढे आणावयास सांगते. आणि ती 166 भरली, तर गुणपत्रिकेत नव्वद टक्के असले तरी घरात सुतकी शांतता पसरते.

या दोन सेंटिमीटरांवर तोडगा नसतो असे नाही. माजी सैनिकाच्या मुलाला उंचीत 2 सेंटिमीटरची सवलत मिळते, त्यामुळे बापाने सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत काढलेली सारी उमेद मुलाच्या डोक्यावर दोन सेंटिमीटर होऊन बसते. वंशपरंपरागत संपत्तीचा इतका काटेकोर हिशेब कोणत्याही मामलेदार कचेरीत निघत नसेल. ज्याच्या वडिलांनी शेतीच केली त्याने मात्र स्वतःच्याच हाडांवर विसंबून राहावे, झाडाच्या फांदीला लोंबकळावे, आणि आत्या, मावशी व शेजारीण यांनी सुचविलेले दूध, खारीक आणि अश्वगंधा यांचे काढे निमूटपणे प्यावेत.

उंची जमली तरी देहाचे बाकीचे अवयव आपापला जबाब द्यावयास उभे असतातच. छाती 77 सेंटिमीटर हवी आणि श्वास भरल्यावर ती आणखी पाच सेंटिमीटरांनी फुगावयास हवी, म्हणून ज्या वयात इतर मुले प्रेमभंगाने उसासे टाकतात त्या वयात आमची मुले टेपच्या साक्षीने ते मोजून टाकतात. उभे राहिल्यावर दोन्ही गुडघे एकमेकांस टेकता कामा नयेत. सबब गुडघ्यांच्या मध्ये उशी बांधून झोपणारे तरुण आम्ही पाहिले आहेत, आणि वजनाच्या काट्यावर चढण्यापूर्वी डझनभर केळी व तांब्याभर पाणी पोटात रिचवून, काट्यावरून उतरेपर्यंत कोणाशी न बोलण्याचे व्रत पाळणारेही पाहिले आहेत. सोळाशे मीटरचे अंतर साडेपाच मिनिटांत तोडणाऱ्याला 60 गुण, त्यापुढील पंधरा सेकंदांत पोहोचणाऱ्याला 48, आणि त्याच्याही मागून धापा टाकीत येणाऱ्याला एस.टी. स्टँडचा रस्ता, अशी पूर्वीची न्यायव्यवस्था असल्यामुळे, आयुष्याची दिशा अवघ्या एका सेकंदात बदलते हे कादंबरीकारांचे लाडके विधान आमच्याकडे शब्दशः खरे ठरे.

एवढ्या निश्चिंत व्यवस्थेला 2020 च्या मार्च महिन्यात खीळ बसली. साथीमुळे सारा देश घरात बसला, आणि त्याच धांदलीत महाराष्ट्रातील दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने देण्यात आले. ज्या मुलांची उभ्या भारतवर्षात कोठेही नेमणूक व्हावयाची त्यांनाच नेमका भूगोल माफ व्हावा, यात नियतीचा काही खोडसाळपणा असला पाहिजे. पुढल्या वर्षी तर परीक्षाच झाली नाही आणि दहावीचा निकाल 99.95 टक्के लागला. या निकालाचे पेढे सर्वांनी खाल्ले. परंतु नापास होणे हे आपल्या समाजातील सर्वांत जुने आणि विनामूल्य व्यवसायमार्गदर्शन आहे, आणि त्या वर्षीच्या मुलांना ते मिळालेच नाही, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पूर्वी गणितात नापास झालेला मुलगा आपोआप गॅरेजकडे वळे व इंग्रजीत नापास झालेला मामाच्या किराणा दुकानात रुजू होई. आता सर्वच उत्तीर्ण असल्यामुळे सर्वच एकाच चौकात उभे राहिले आणि कोठे वळावे हे कोणालाच कळेना.

सैन्यभरतीचे मेळावेही या काळात बहुतेक ठिकाणी बंद पडले. एरव्ही कोल्हापूरच्या भरती कार्यालयाचा मेळावा जाहीर झाला की सातारा, सांगली, सोलापूर आणि कोकणातून, इतकेच नव्हे तर गोव्यातूनही मुलांचे तांडे लोटावयाचे, मध्यरात्री रांगा लागावयाच्या, रस्त्याकडेला पिशवी उशाला घेऊन पोरे झोपावयाची आणि पहाटेच्या अंधारात धावण्याच्या शिट्ट्या वाजावयाच्या. ते सारे थांबले. ज्यांचे मैदान आणि मेडिकल आधीच पार पडले होते, त्यांची लेखी परीक्षा तेवढी उरली होती. ती प्रत्येक वेळी पुढे ढकलली जाई, आणि नवी तारीख येण्यापूर्वीच तीही पुढे जाणार असल्याची बातमी येई. सरकारने भरती तहकूब केली, परीक्षा तहकूब केली, लग्नातील पंगती आणि मयतीतील गर्दीसुद्धा तहकूब केली. केवळ उमेदवारांचे वय तहकूब करण्याची तजवीज कोणत्याही परिपत्रकात झाली नाही. शिपायाच्या जनरल ड्यूटीसाठी वय साडेसतरा ते एकवीस, असा नियम. तो कागदावर जसाच्या तसा राहिला, आणि मुले मात्र निसर्गनियमानुसार रोज एका दिवसाने मोठी होत राहिली.

याचा परिणाम आमच्या सामाजिक जीवनावर विलक्षण झाला. गावोगावी वाढदिवसाचे फ्लेक्स लावण्याची जी प्रथा आहे, तीत ‘भावी’ या शब्दापुढे काय लिहावे याचा पेच प्रथमच उत्पन्न झाला. एकविसाव्या वर्षात पदार्पण करणाऱ्या मुलाने मित्रांचे पाय धरून फ्लेक्स लावू नका अशी विनवणी करावी, केक पाहून त्याचा चेहरा उतरावा आणि ‘शतायुषी हो’ असा आशीर्वाद देणाऱ्या आजीला त्याने ‘आज्जे, तूर्त वय वाढेल असं काय बोलू नको,’ असे सांगावे, हे दृश्य अन्य कोणत्या समाजात पाहावयास मिळेल? वय लपविण्याची कला आजवर सिनेनट्यांची मक्तेदारी समजली जाई. त्या दोन वर्षांत ती सोळाशे मीटर पळणाऱ्या मुलांनी आत्मसात केली.

संकटात सापडलेल्या माणसाभोवती सल्लागारांचा गराडा पडतो, त्याप्रमाणे या मुलांभोवतीही तो पडला. त्यांत अग्रमान अर्थातच पेन्शनीत आलेल्या सुभेदारांचा. पारावर बसून मिशीवरून हात फिरवीत ते सांगत, “आरं, भरती कधी थांबत नस्ती. सरकार दम बघतंय पोरांचा. तुम्ही पळत ऱ्हावा.” मुले पळत राहिली. पहाटे चारला उठून, धरणाच्या रस्त्याने, पोलिसांची नजर चुकवून आणि तोंडाला फडके बांधून ती पळत राहिली. कोठे पळावयाचे ते ठाऊक नसताना इतक्या शिस्तीने पळणारा तरुणवर्ग इतिहासात विरळाच सापडेल. सुभेदारांच्या सल्ल्यात तात्त्विक चूक नव्हती. त्यांची स्वतःची भरती ज्या काळात झाली तेव्हा शिक्षण, उंची आणि सकाळी लवकर उठणे एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की काम होत असे, आणि मनुष्य आपल्या तारुण्याच्या अनुभवालाच सृष्टिनियम समजतो, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा सल्ला अकॅडमीच्या सरांचा. ‘शौर्य’, ‘वीर’, ‘रण’ आणि ‘शिव’ या शब्दांतील जे दोन हाती लागतील ते जोडून नाव ठेवलेली, पत्र्याच्या शेडमध्ये वसलेली आणि समोर दोरखंड, बीम व नऊ फुटांचा खड्डा बाळगणारी अशी एक तरी अकॅडमी या भागात प्रत्येक मोठ्या गावी असते. भरती थांबल्यावर ती बंद पडेल अशी आमची समजूत होती. परंतु पाटीवरील ‘आर्मी’ या अक्षरांखाली ‘पोलीस, वनरक्षक, एसआरपीएफ’ अशी नवी ओळ रंगविण्यापलीकडे त्या संस्थेत काहीही बदल झाला नाही. ‘जाहिरात येतेय’ हे सरांचे पेटंट वाक्य होते. ती कधी येणार असे विचारणे म्हणजे श्रद्धेचा अभाव, आणि श्रद्धेचा अभाव म्हणजे स्टॅमिन्याचा अभाव, असा त्यांचा सिद्धान्त असल्यामुळे कोणी विचारीत नसे. व्हॉट्सअ‍ॅपवर दर पंधरवड्यास ‘अधिकृत’ असा शिक्का असलेले एक वेळापत्रक फिरे; ते कोणी तयार करीत असे कोण जाणे, पण त्याच्या आधारावर कित्येकांनी महिन्याची फी आगाऊ भरली.

तिसरा सल्ला मामांचा. मामा हे चाकणला किंवा शिरवळला एखाद्या कारखान्यात असतात आणि ‘कंपनीत लावतो’ हे त्यांचे ब्रीद असते. मुलाने वर्षभर पळून कमावलेले पाय बारा तासांच्या पाळीत एका जागी उभे राहण्याच्या कामी येतील, आणि कंत्राट संपले की मुलगा पुन्हा पळावयास मोकळा, असा त्यांच्या योजनेचा उत्तरार्ध असे. चौथा सल्ला शाळेच्या मास्तरांचा, आणि तो सर्वांत नीरस असल्यामुळे कोणी ऐकला नाही: “तोवर आयटीआय करून ठेव. वेल्डरचा कोर्स एका वर्षाचा आहे, इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचा. भरती निघाली तर जा, नाही निघाली तर हातात काहीतरी राहील.” या वाक्यात देशभक्ती नव्हती, मिशी नव्हती, की ‘लवकरच’ हा शब्द नव्हता, अर्थात ते मुलांच्या अंतःकरणाला भिडावे कसे?

सर्वांत मार्मिक प्रश्न मात्र सल्लागारांनी विचारला नाही, तो वधूपित्यांनी विचारला. थोरल्या भावाच्या लग्नाच्या बैठकीत धाकट्याचीही चौकशी होते; “हा काय करतो?” असे पाहुण्यांनी विचारले की पूर्वी “भरतीची तयारी करतो” हे उत्तर पुरेसे असे आणि पाहुणे मान डोलावून पुढील मुद्द्यावर जात. तयारी हा आपल्याकडे एक स्वतंत्र व्यवसायच मानला गेला आहे; त्यात हजेरी आहे, गणवेश आहे, पहाटेची पाळी आहे, मेसचे जेवण आहे, फक्त पगार उलट्या दिशेने वाहतो, म्हणजे घरून अकॅडमीकडे जातो. भरतीच थांबल्यावर एखादा चौकस पाहुणा “तयारी कशाची?” असे विचारू लागला, तेव्हा समोर ठेवलेल्या पोह्यांच्या बशीकडे पाहण्यावाचून कोणाला उत्तर सुचेना.

सैन्य नाही तर दुसरे एखादे खाते धरावे, असे सुचविणाऱ्यांनाही लवकरच शहाणपण आले. राज्याची पोलीस भरतीही रखडलेलीच होती. लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा 14 मार्च 2021 रोजी ठरली होती. ती आयत्या वेळी पुढे ढकलल्याचे जाहीर होताच पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि जो तो आपापल्या तहकुबीची हकिगत दुसऱ्यास सांगू लागला. पुढे खात्यांची दारे उघडली तेव्हा आतील जागेपेक्षा बाहेरची गर्दी किती मोठी आहे ते कळले. पोलीस भरतीच्या 2024 सालच्या खेपेस 17,471 जागा होत्या आणि अर्ज आले 17 लाखांहून अधिक. म्हणजे एका जागेमागे शंभर उमेदवार. त्या शंभरांत डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, व्यवस्थापनशास्त्राचे पदवीधर आहेत, असे वर्तमानपत्रांतून छापून आल्यावर आमच्या मुलांनी गोळाफेकीचा 7.260 किलोचा गोळा अधिक आदराने हाती घेतला. अभियंत्याला त्याचे वजन सूत्राने काढता येते. फेकता मात्र आपल्यालाच अधिक लांब येतो, हे एकमेव समाधान त्यांच्या पदरी होते.

अखेर 14 जून 2022 रोजी भरतीला वाचा फुटली; परंतु तिच्या तोंडून बाहेर पडली ती अग्निपथ योजना. चार वर्षांची नोकरी, पहिल्या वर्षी दरमहा 30,000 रुपये, त्यातील तीस टक्के निधीत जमा, तेवढीच भर सरकारची, शेवटी व्याजासह सुमारे 11.71 लाख रुपये हाती, पेन्शन नाही, आणि चार वर्षांनंतर चौथा हिस्सा म्हणजे पंचवीस टक्केच कायम. गेलेल्या दोन वर्षांची भरपाई म्हणून त्या वर्षापुरती वयोमर्यादा 23 करण्यात आली. पारावर या आकड्यांचा जो हिशेब झाला, तो एखाद्या अर्थमंत्र्याने ऐकावयास हवा होता. अकरा लाखांत किती गुंठे जमीन येईल, किती म्हशी येतील, ट्रॅक्टर येईल का, आणि आला तर डिझेलला काय उरेल, अशी चर्चा दिवे लागेपर्यंत चालली. आणि ज्या सुभेदारांची पेन्शन दर महिन्याला बिनबोभाट बँकेत जमा होते ते मिशीवरचा हात खाली घेऊन प्रथमच गप्प बसले. सेवेच्या चार वर्षांत लग्न करता येणार नाही ही अट ऐकून आयांनी काही काळ सरकारला दूषणे दिली, व नंतर मुलीच मिळत नाहीत हे आठवून ती मागे घेतली.

योजनेच्या बऱ्यावाईटाचा निवाडा करणे हे या लेखाचे प्रयोजन नव्हे. परंतु ज्यांनी मैदान मारले होते, मेडिकल उत्तीर्ण केले होते आणि लेखीची वाट पाहत दोन वर्षे काढली होती, त्यांना ‘जुने सारे रद्द, पुन्हा पहिल्यापासून या’ असे सांगण्यात आले, आणि या बाबतीत विनोद करण्याचे धैर्य आमच्या अंगी नाही. त्यांतील काही पुन्हा धावले, काही पुन्हा निवडले गेले, काहींच्या वयाने तोवर 23 चीही रेषा ओलांडली होती.

या साऱ्या प्रकरणात एक गंमत शेवटी झाली, ती नोंदविण्याजोगी आहे. पूर्वी ‘शाळा संपल्यावर काय करणार?’ हा प्रश्न आमच्या मुलांना विचारलाच जात नसे. नव्या व्यवस्थेत तो साडेसतराव्या वर्षी एकदा आणि एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी सेवा संपल्यावर दुसऱ्यांदा, असा दोनदा विचारला जाणार हे निश्चित झाले. आणि ज्या आयटीआयला सर्वांनी नाके मुरडली, तिच्याच प्रमाणपत्रास पुढे सैन्याच्या तांत्रिक शाखेच्या भरतीत अधिक गुण मिळू लागले. मास्तरांचा तो नीरस सल्ला, ज्यात मिशी नव्हती, तो सैन्याच्याच नियमावलीत जाऊन बसला! जी मोजकी मुले केवळ घरी बसवेना म्हणून वायरमन किंवा फिटर होऊन आली होती, ती आता दुहेरी ऐटीत वावरतात: भरती झाली तर गुण जास्त, न झाली तर गावातल्या प्रत्येक घरची मोटर त्यांच्याच हातून सुरू होणार.

मुलांच्या पळण्याला आमचा विरोध नाही. पहाटे उठणे, व्यसनापासून दूर राहणे, वेळेचा सेकंदागणिक हिशेब ठेवणे आणि हार झाली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर उभे राहणे, हे गुण ज्याच्या अंगी आहेत तो मुलगा कोणत्याही धंद्यात खपेल. उलट या गुणांना सैन्याबाहेर कोणी गिऱ्हाईक नाही, अशी जी समजूत आम्ही वडीलधाऱ्यांनी मुलांच्या मनात भरवून दिली, तीच या दोन वर्षांच्या हलाखीचे मूळ होय. मुलांनी एकच अर्ज भरला, कारण आम्ही त्यांना एकच खिडकी दाखविली होती. आणि ती बंद झाली तेव्हा आम्ही तिच्यासमोर आणखी जोराने पळावयास सांगितले.

म्हणून पालकांस, सुभेदारांस, मामांस आणि अकॅडमीच्या सरांसही आमची विनंती आहे की, मुलाला भरतीस खुशाल पाठवावे, अभिमानाने पाठवावे, परंतु सल्ला देण्यापूर्वी त्याची जन्मतारीख विचारून घ्यावी, आणि भरतीच्या अर्जासोबत त्याच आठवड्यात दुसरा एक अर्ज भरून घ्यावा. मग तो आयटीआयचा असो, पदविकेचा असो वा पदवीचा. साडेसतरा ते एकवीस या मुदतीत वर्षे साडेतीनच बसतात. त्यांतील दोन तहकुबीत गेली तर उरते दीड. ही वजाबाकी दहावी झालेल्या प्रत्येक मुलाला येते. घरातल्या मोठ्यांनीही ती एकदा करून पाहावी.